पुढील सूचना मिळेपर्यंत

राऊतकाकांना "बसा" म्हणण्याआधी आमच्या इमारतीतले लोक घड्याळ बघायचे. एकदा बसा म्हटलं की कोणी "उठा" म्हणेपर्यंत हा गृहस्थ उठत नसे.

मी स्वतः अनुभव घेतला आहे. एका रविवारी सकाळी ते माझं वर्तमानपत्र परत द्यायला आले. मी म्हणालो, "बसा काका, आलोच," आणि विसरून बाजारात गेलो. मासे घेतले, केस कापून घेतले, चपलेचा अंगठा शिवून घेतला. एक तास पन्नास मिनिटांनी परत आलो, तर काका त्याच खुर्चीत, वर्तमानपत्र मांडीवर, दोन्ही हात वर्तमानपत्रावर. आमच्या हिने तोवर त्यांना तीनदा चहा दिला होता आणि आता ती स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे अशी बघत होती की मासे मलाच साफ करावे लागणार हे मला कळलं.

"काका, अजून बसलाय?"

"आपण 'आलोच' म्हणालात. आलात. आता पुढे काय हुकूम?"

"हुकूम कसला? उठा, घरी जा, काकू वाट बघत असतील."

"यात तीन आहेत," काका म्हणाले. "पहिल्या दोहोंची तामिली करतो. तिसरं हे विधान आहे, त्याला तामिली लागत नाही."

आणि ते गेले.

आमची इमारत विरार पूर्वेला, फुलपाड्यात. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. मी तिथे नऊ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. नोकरी औषधांच्या गोदामात, साठ्याची नोंद ठेवण्याची; त्यामुळे मोजल्याशिवाय आणि क्रमांक घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. नऊ वर्षांत मी एकशे अठरा नोटिसा काढल्या. सगळ्यांच्या प्रती फाइलला आहेत. सोळा बिऱ्हाडांपैकी पंधरांनी त्या किती पाळल्या हे मोजायला फार वेळ लागणार नाही. दोन्ही हातांची बोटं पुरतील. राऊतकाकांनी एकशे सतरा पाळल्या. एक पाळली नाही. ती कुठली, ते पुढे येईल.

नोटीस लागली की काका चष्मा पुसून फळ्यासमोर उभे राहत. दोनदा वाचत. मग माझ्या दाराशी येऊन विचारत, "सेक्रेटरी, 'वापर टाळावा' म्हणजे बंदी आहे की विनंती?" एरवी कोणीही काही सांगितलं की त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "तोंडी की लेखी?" तोंडी असेल तर त्याच दिवसापुरतं, लेखी असेल तर रद्द होईपर्यंत, असा त्यांचा नियम होता.

विरारला तेव्हा पाण्याची बोंब. नोटीस क्रमांक एकतीस: प्रत्येक बिऱ्हाडाने दोनच पिंपं भरावीत. सकाळी पाणी यायचं चाळीस मिनिटं. काकांचं दुसरं पिंप काठोकाठ भरलं की ते नळ बंद करत आणि त्याच्याकडे पाठ करून उभे राहत. काकूंचा आवाज तिसऱ्या मजल्यावर माझ्याकडे ऐकू यायचा.

"अहो, वाहता नळ बंद करतं का कोणी? समोरच्यांनी वाट्यासुद्धा भरून ठेवल्यात!"

"नोटीस क्रमांक एकतीस. दोन पिंपं."

"नोटीस काढणाऱ्याच्या घरी चार आहेत. मी हळदीकुंकवाला गेले तेव्हा मोजून आलेय."

खरं होतं. चार होती.

डॉक्टरांनी त्यांना रक्तदाबाची गोळी दिली, "जेवणानंतर एक". आषाढी एकादशीला काका छत्री घेऊन दवाखान्यात हजर. "आज जेवण नाही, फराळ आहे. फराळानंतर घेतली तर चालेल का? चालत असेल तर तसं चिठ्ठीवर लिहून द्या." डॉक्टर तरुण होता. त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. त्याने चिडून लिहून दिलं, "काहीही खाल्ल्यानंतर." पुढचे तीन दिवस काका दोन जेवणांमध्ये काहीही खाईनात. एक पोह्याचा घास खाल्ला तरी गोळी घ्यावी लागेल, म्हणून. शेवटी काकू स्वतः जाऊन चिठ्ठी बदलून घेऊन आल्या.

हे वेड त्यांना नोकरीत लागलं असावं, असा माझा समज होता. मुंबईत एका सरकारी कचेरीत चौतीस वर्षं ते आवक-जावक कारकून होते. आलेल्या प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घालायचा, जाणाऱ्या प्रत्येकावर जावक. कागदात काय लिहिलंय ते वाचायची त्यांना गरज नव्हती, पण ते शेवटची ओळ वाचत. बहुतेक अर्जांची शेवटची ओळ एकच असायची: आपला आज्ञाधारक.

"गंमत बघा, सेक्रेटरी," ते सांगत. आम्ही बोलायचो ते जिन्याच्या पायरीवर, पाण्याची वाट बघत. "'बदलीच्या ठिकाणी हजर होणे मला शक्य नाही. आपला आज्ञाधारक.' 'साहेबांचा आदेश नियमबाह्य असून मी तो मानत नाही. आपला आज्ञाधारक.' एकाने तर राजीनाम्याखाली लिहिलं होतं. मी मोजायला लागलो. शंभर आज्ञाधारकांत आज्ञा धारण करणारे किती निघाले असतील?"

मला आकडा हवाच होता. "किती?"

"अकरा. आणि त्यांतले चार सही करायला विसरले होते."

तेव्हापासून त्यांनी एक वही घातली. लांबट, कापडी पुठ्ठ्याची, आवकच्या रजिस्टरसारखी रेघा मारलेली. डाव्या रकान्यात आज्ञाधारकाला दुसरे शब्द, उजव्या रकान्यात त्याच्या उलट. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा डावीकडे नऊ शब्द होते आणि उजवीकडे त्रेसष्ट. उद्धट, उर्मट, उद्दाम, हट्टी, हेकट, हेकेखोर, द्वाड, व्रात्य, उनाड, मुजोर, शिरजोर, आडमुठा, बंडखोर, कोडगा... पान उलटून पुढे.

"हे प्रमाण एकास सात पडतं," मी म्हणालो. "असं का?"

"शिव्या द्यायला शब्द लागतात. जो ऐकतो त्याला कोण काय म्हणणार? त्याला फक्त पुढचं काम सांगतात."

त्या शब्दांची कुळकथा सांगायला लागले की पाणी येऊन गेलेलं कळत नसे. "हुकूम अरबांकडून आला. फर्मान इराण्यांकडून. ऑर्डर साहेबाच्या बोटीतून उतरली. आज्ञा संस्कृतातली. तिच्या पोटात 'ज्ञा' आहे, म्हणजे जाणणं. जो जाणतो त्याने सांगितलं तर ती आज्ञा. न जाणणाऱ्याने सांगितलं तर तो नुसता आवाज."

"मग तुम्ही कोणाचंही कसं पाळता? माझंसुद्धा?"

"सांगणारा जाणता आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार आवक-जावक कारकुनाला नसतो."

पुढे म्हणाले, "आज्ञा, अनुज्ञा, अवज्ञा, प्रतिज्ञा. चारी एका आईची लेकरं. एका घरातली, आणि एकमेकांचं तोंड बघत नाहीत. शिवाय घरात यांतला एकही शब्द कोणी वापरत नाही. घरात काय म्हणतात? 'ऐक माझं.' बस. दोन शब्दांत काम होतं."

वहीत मधोमध एक तिसरा, अरुंद रकाना आखलेला होता. वर नाव नव्हतं, खाली काही लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं, हा कशाला.

"त्यासाठी शब्दच मिळत नाही," काका म्हणाले. "समजा एकाने आज्ञा पाळली. अक्षरशः पाळली. आणि नेमकं तेच चुकलं. पाळायला नको होती. तो डावीकडे बसत नाही, उजवीकडेही बसत नाही. त्याला काय म्हणाल?"

मी सरळ बोलणारा माणूस. शिवाय नळाला हवा यायला लागली होती, म्हणजे मागोमाग पाणी येणार होतं. मी उठता उठता म्हणालो, "मूर्ख म्हणायचं. दुसरं काय?"

काकांनी खिशातून पेन काढलं आणि तिसऱ्या रकान्यात तो शब्द लिहून घेतला. वळणदार अक्षरात, पुढे कंसात माझा हुद्दा घालून: मूर्ख (सेक्रेटरी). मला हसू आलं. घरी जाऊन मी हिला सांगितलंसुद्धा.

आता गच्चीची गोष्ट. काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या पूर्वेला, जीवदानीच्या डोंगराकडे. रोज संध्याकाळी साडेपाचला ते वर गच्चीवर जात, पाण्याच्या टाकीजवळच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात कठड्याला हात टेकून उभे राहत आणि सहाच्या आत खाली येत. मला वाटायचं, वाऱ्याला जात असतील. इमारतीत कोणीच कधी विचारलं नाही. म्हातारी माणसं कुठे ना कुठे उभी राहतातच.

एका पावसाळ्यात चौथ्या मजल्याची छतं गळायला लागली. दिवाळीनंतर आम्ही गच्चीला नवं वॉटरप्रूफिंग करायचं ठरवलं. ओल्या कामावर कोणी चालू नये म्हणून मी नोटीस काढली, क्रमांक सत्त्याऐंशी: "पुढील सूचना मिळेपर्यंत गच्चीवर कोणीही जाऊ नये."

चार दिवस कोणी गेलं नाही. पाचव्या दिवशी एका घरचे पापड वर गेले. मग केबलवाला गेला. मग पतंगवाले गेले. तीन आठवड्यांत काम संपलं आणि मी बिल तपासण्याच्या, मजूर मोजण्याच्या नादात विसरलो. नोटीस फळ्यावरून उतरवली, फाइलला लावली. पण ती रद्द झाली अशी पुढील सूचना काढायची राहून गेली. ज्या माणसाने एकेक गोळीचं पाकीट मोजून नोंदवलं, त्याने ही एक नोंद चुकवली. कोणाला काही फरक पडला नाही. म्हणजे, असं मला वाटत होतं.

त्यानंतरच्या दुसऱ्या संक्रांतीच्या सुमारास काकू जिन्यात भेटल्या. हातात पिशवी, दम लागलेला. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "काका हल्ली गच्चीवर दिसत नाहीत. गुडघे दुखतात का?"

काकूंनी पिशवी खाली ठेवली.

"गुडघे? गुडघे धडधाकट आहेत. तुमची नोटीस आहे ना!"

"कुठली नोटीस?"

"मला विचारताय? सत्त्याऐंशी! वर्ष होऊन गेलं. मी म्हणते, अहो सगळी इमारत वर जाते, पोरं क्रिकेट खेळतात, तुम्हीच कोण लागून गेलात? तर म्हणतात, 'पुढील सूचना आलेली नाही.' मी म्हटलं, जाऊन विचारते सेक्रेटरीला. तर म्हणाले, 'काढायची तेव्हा ते काढतील. आपण तगादा लावायचा नसतो.' रोज साडेपाच वाजले की चपला घालतात, दारापर्यंत जातात, चपला काढून परत येऊन बसतात."

मी तिथल्या तिथे मनात हिशेब केला. चौदा महिने नऊ दिवस.

"पण गच्चीवर असं आहे काय?" मी विचारलं.

काकू पायरीवर बसल्या. मीही बसलो. आणि तेव्हा पहिल्यांदा मला राऊतकाका कळले. तोवर मला फक्त त्यांच्या सवयी माहीत होत्या.

काका मूळचे वटारचे. पश्चिमेकडे, समुद्राच्या अंगाला. नारळ, राजेळी केळी, पानवेली, विहिरीवर रहाट, अशी वडिलांची वाडी. वडिलांना सगळे आबा म्हणत. दोन मुलगे: थोरले भास्कर, धाकटे वामन, म्हणजे आमचे काका. काका मॅट्रिक झाले आणि त्यांना मुंबईत सरकारी नोकरी लागली. आबा म्हणाले, वाडीला दोन्ही पोरं लागतात, जायचं नाही. काका गेले. आयुष्यात मोडलेली तेवढी एक आज्ञा. जाताना आबांनी फाटकात उभं राहून सांगितलं, "जातोस ना? मग मी बोलावेपर्यंत या वाडीत पाऊल टाकायचं नाही."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय? नाही टाकलं."

"कधीच?"

"आमचं लग्न माझ्या माहेरी झालं. आबा आले, अक्षता टाकल्या, जेवले, गेले. बोलावलं नाही. मोठे भावोजी अजून लग्नाकार्यात भेटतात. दोघे भाऊ एका पंगतीत बसतात, पावसापाण्याचं बोलतात, वाडीचा विषय काढत नाहीत. पंधरा वर्षांनी आबा गेल्याचं पत्र आलं. तेसुद्धा तेरावं उलटून गेल्यावर. यांनी त्या पत्रावर आवक क्रमांक घातला, सेक्रेटरी. घरच्या पत्रावर. मला तेव्हा राग आला होता. मग बघितलं तर त्यांना आकडा नीट काढता येत नव्हता."

"आता आबाच नाहीत. मग जायला काय हरकत?"

"मी हेच म्हटलं. तर म्हणाले, 'ज्याने काढली त्यानेच रद्द करायची असते. तो गेला म्हणजे ती कायम झाली.'"

निवृत्त झाल्यावर त्यांनी विरारला घर घेतलं ते याचसाठी. वाडीत जायची मनाई होती, जवळ राहायची नव्हती. आणि गच्चीच्या त्या एका कोपऱ्यातून, रुळांपलीकडे, गावठाणाच्या पलीकडे, लांबवर माडांची एक काळसर रेघ दिसायची. ती वटारची, की आगाशीची, की मधल्या आणखी कुठल्या गावाची, हे कोणी सांगू शकलं नसतं. काका सांगत. त्यांच्या मते डावीकडून तिसरा उंच माड आबांनी त्यांच्या मुंजीच्या वर्षी लावलेला होता.

मी घरी गेलो आणि चहा घ्यायच्या आत नोटीस लिहिली. क्रमांक एकशे दोन: "नोटीस क्र. ८७ या सूचनेद्वारे रद्द करण्यात येत आहे. गच्ची सर्वांसाठी खुली आहे." शिक्का मारला. फळ्यावर लावण्याआधी स्वतः काकांच्या हातात दिली. त्यांनी दोनदा वाचली. घड्याळ बघितलं. पाच पंचवीस झाले होते. चपला घातल्या.

मीही मागोमाग गेलो. माफी मागायची होती, पण जिने चढताना ती कशी मागतात हे जमेना. गच्चीवर काका आपल्या कोपऱ्यात गेले, कठड्याला हात टेकला आणि समोर बघितलं.

समोर सात मजली इमारत उभी होती. नवी कोरी, गुलाबी रंगाची, बाल्कन्यांत अजून कोणाचे कपडे नव्हते. वर्षभरापूर्वी तिथे फक्त खड्डा खणलेला होता. मी रोज स्टेशनला जाताना त्याच्या कडेने जायचो. टाकीच्या डावीकडून, उजवीकडून, मी वाकून बघितलं. रेघ कुठेच नव्हती.

काका बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "मजबूत बांधलीय. खांब मोजून घातलेत."

"काका, माझी चूक झाली. नोटीस वेळेवर निघाली असती तर..."

"तर वर्षभर दिसलं असतं," ते म्हणाले. "पुढे ही उभी राहणारच होती. आपण तिला थोडीच नोटीस काढणार होतात?"

पायऱ्या उतरताना ते एकदाच थांबले. "सेक्रेटरी, तो शब्द आपण बरोबर दिला होतात हो. तिसऱ्या रकान्यातला."

त्या आठवड्यात मला दुसरं काही सुचलं नाही. शेवटी मला जे येतं तेच केलं. सोसायटीच्या छापील कागदावर नोटीस लिहिली, क्रमांक एकशे तीन: "श्री. वामन राऊत यांनी हे पत्र मिळताच मौजे वटार येथील आपल्या वाडीत जावे व भावाची भेट घ्यावी." खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. ही फळ्यावर लावली नाही. दुसऱ्या मजल्यावर जाऊन हातात दिली.

काकांनी ती वाचली. एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. काकू दाराआडून बघत होत्या. काकांनी चष्मा काढून पुसला.

"लेखी आहे," मी म्हणालो.

"लेखी आहे," ते म्हणाले. "शिक्काही आहे. मसुदा चांगला आहे. पण सेक्रेटरी, आपला अधिकार गच्चीपर्यंत. वटारला तो पोचत नाही."

"आज्ञाधारक ना तुम्ही?" मी जरा चिडूनच म्हणालो. "एकशे दोन पाळल्यात, या एकीला नाही म्हणायला जीभ कशी काय वळते?"

"म्हणून तर जड जातंय," काका म्हणाले आणि कागद घडी करून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला. मग मला म्हणाले, "बसा." मी बसलो नाही. काम आहे सांगून निघून आलो. हेही आता नोंदवून ठेवतो.

मी पुन्हा विषय काढला नाही. त्यांनीही नाही. मधल्या काळात माझ्या पंधरा नोटिसा निघाल्या आणि त्यांनी त्या सगळ्या पाळल्या. तीन वर्षांनी, मार्च महिन्यात, दुपारी जेवून, गोळी घेऊन काका पडले ते उठले नाहीत. मूलबाळ नव्हतं. वटारहून भास्करदादा आले आणि अग्नी त्यांनी दिला. ऐंशीच्या घरातला म्हातारा. चेहरा काकांचाच, फक्त उन्हात वाळलेला.

महिनाभराने काकूंनी मला बोलावलं. ती लांबट वही माझ्यापुढे ठेवली. "हे तुमच्याकडे असू दे. मला त्यातलं काही कळत नाही." उजवा रकाना एकशे सातवर गेला होता. डावा नऊवरच होता. तिसऱ्या रकान्यात एवढ्या वर्षांत एकच शब्द, माझा. त्यावर त्यांनी काट मारली नव्हती.

वहीच्या शेवटच्या पानात नोटीस एकशे तीन होती. घड्यांवर फाटायला आलेली. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या वळणदार अक्षरात आवक क्रमांक, दिनांक, आणि शेरा: कार्यवाही प्रलंबित.

मी कागद काकूंना वाचून दाखवला. फेटाळली, असं लिहिलेलं नव्हतं. दप्तरी दाखल, म्हणजे प्रकरण बंद, असंही नव्हतं.

काकूंनी वही मिटली. मग उठून पदर खोचला. "स्कूटर आहे ना तुमची? चला. राहिलेली तामिली मी करते."

फुलपाड्यापासून ती वाडी दहा किलोमीटरला थोडी कमी आहे. स्कूटरला पंचवीस मिनिटं लागली. मी आकडा मुद्दाम देतो.

वाडीला लाकडी फाटक होतं, नुसतं लोटलेलं. काकू तिथे क्षणभर थांबल्या, मग उजवं पाऊल आत टाकलं. भास्करदादा ओट्यावर केळीच्या खोडाचे सोप सोलत बसले होते. त्यांना सगळं उलगडून सांगायची गरज पडली नाही. त्यांनी बसायला पाट दिला, विहिरीचं पाणी दिलं, पानात गुंडाळलेली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, समोर ठेवली. मी नोटीस दाखवली. त्यांना वाचता येत होतं, पण चष्मा नव्हता, म्हणून मीच वाचली, काकांच्या शेऱ्यासकट.

"एवढी वर्सं का नाय बोलावलंत, भावोजी?" काकूंनी विचारलं. वाडीत शिरल्यावर त्यांची बोली बदलली होती. "तुमी एक शब्द बोलला असता तर ते आले असते."

"कसा बोलावनार, सुमन?" म्हातारा म्हणाला. "आबांनी जाताना दोन गोष्टी सांगितल्यान. एक, वामनला बोलवायला कोनी जायचं नाय, त्याचा तो येल. बघ, येलच, म्हनत. सगळं ऐकतो कार्टा, तेवढंच कशाला ऐकलान, म्हनत." त्यांनी हातातला सोप खाली ठेवला. "आनि दुसरं, तो येईपर्यंत फाटकाला कडी घालायची नाय. तेव्हापासून घातली नाय. गुरं शिरली, केळी खाल्ली, दोनदा चोर आले, नारळ नेले. पोरं भांडतात माझ्याशी. पन आबांनी सांगितलेलं. आबा गेले, आता ते रद्द कोन करनार?"

माडांत वारा होता. डावीकडून तिसरा कुठला, हे मला आत उभं राहून ओळखता आलं नाही.

मग भास्करदादांनी माझ्याकडे बघितलं. हातातल्या शिक्क्याच्या कागदाकडे बघितलं. मी कोणीतरी अधिकारी माणूस असावा असं त्यांना वाटलं असेल.

"तुमी लिहिन्यातले दिसता," ते म्हणाले. "सांगा ना. आता घालू का कडी?"

एकशे अठरा नोटिसा काढलेला मी माणूस. मी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. काकूंनीच डोळे पुसून म्हटलं, "राहू द्या, भावोजी. एवढ्या वर्सांची सवय आहे त्याला."

निघताना मी मागे होतो. काकू स्कूटरपाशी पोचल्या होत्या. फाटक ओढून घेतलं आणि सवयीने हात कडीकडे गेला. ती गंजून लाकडालाच चिकटली होती. मी हात मागे घेतला, आणि फाटक होतं तसं नुसतं लोटून ठेवलं.